परक्याचे पत्र पुढे पाठवावे का?

२००० सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट आहे. एका तालुक्याच्या गावी शिक्षकांचे चार दिवसांचे शिबिर होते. तिथल्या शाळेत संगणक होता आणि टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेटही मिळत होते. संध्याकाळी आम्ही दिवसभराचा अहवाल टाइप केला आणि नेहमीप्रमाणे आमच्याच संस्थेच्या मेल सर्व्हरकडे पाठवायला दिला. अहवाल गेला नाही. पडद्यावर एक ओळ उमटली : '५५० रिलेइंग डिनाइड'. पुन्हा पाठवला, पुन्हा तीच ओळ. शहरातल्या आमच्या टेबलावरून हाच सर्व्हर रोज आमची पत्रे निमूटपणे घेत असे. गावातून मात्र त्याने ओळखच दाखवली नाही. शेवटी अहवालाचा कागद घेऊन आम्ही एस.टी. स्टँडसमोरच्या एसटीडी बूथवर गेलो आणि फॅक्स केला.

परत आल्यावर, सर्व्हरची देखभाल करणाऱ्या तरुणाला आम्ही जरा रागानेच विचारले. तो म्हणाला, "सर, तो तुम्हाला ओळखत नाही. तुम्ही बसता ते टेबल ओळखतो. पूर्वी कोणाचीही पत्रे घ्यायचा. तेव्हा काय झालं होतं ते तुम्हाला सांगायला हवं."

त्याने सांगितलेली हकीकत आम्ही नंतर अधिक वाचून पडताळून घेतली. ती संगणकाची हकीकत आहे तशीच माणसांची आहे. ओळखीच्या माणसांनी एकमेकांवर विश्वास ठेवून एक रीत पाडली. पुढे वस्ती वाढली, अनोळखी माणसे आली, तरी रीत तशीच राहिली. मग ती बदलावी लागली. ती कोणी बदलली, कशी बदलली आणि त्याची किंमत कोणी दिली, हे या लेखात पाहू.

डब्याची रीत

आपल्याकडे एस.टी.च्या गाडीतून डबा पाठवण्याची रीत होती. मुलगा तालुक्याला शिकायला असे. आई सकाळी डबा भरून गाडीच्या ड्रायव्हरकडे किंवा कंडक्टरकडे देई. स्टँडवर मुलगा उभा असे, तो डबा घेई. डब्यात काय आहे, देणारी कोण, हे कंडक्टर विचारत नसे. गाव लहान, माणसे माहितीची, आणि गाडी तशीही तिकडेच चाललेली.

ई-मेलची सुरुवात अशाच गावात झाली. १९७१ साली अमेरिकेतील केंब्रिज येथे बीबीएन या कंपनीत काम करणाऱ्या रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावरच्या माणसाला निरोप पाठवून पाहिला. माणसाचे नाव आणि संगणकाचे नाव वेगळे दिसावे म्हणून त्यांनी दोहोंमध्ये 'अ‍ॅट'चे चिन्ह घातले. ज्या जाळ्यावर हे घडले ते अर्पानेट अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशावर चाललेले होते. त्यावर विद्यापीठे, संशोधनसंस्था आणि काही लष्करी कार्यालये होती. सगळ्या वापरणाऱ्यांची नावे एका छापील पुस्तिकेत मावत.

त्या काळात अनेक संगणक जाळ्याला थेट जोडलेले नव्हते. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाचेच उदाहरण घेऊ. सत्तरच्या दशकात तिथे अर्पानेटची जोडणी 'इन्ग्रेस' नावाच्या प्रकल्पाच्या एका संगणकाला होती. इतर विभागांतल्या लोकांनाही बाहेर पत्रे पाठवायची होती, म्हणून जो तो त्या संगणकावर खाते मागू लागला. एवढ्या लोकांना जागा कुठून देणार? त्या प्रकल्पात काम करणाऱ्या एरिक ऑलमन यांनी वेगळी वाट काढली. खाती देण्याऐवजी त्यांनी १९७९ मध्ये 'डिलिव्हरमेल' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. विद्यापीठाच्या इतर संगणकांवरून आलेले पत्र तो घेई, पत्ता वाचून बाहेर पाठवी आणि बाहेरून आलेले पत्र आत ज्याचे त्याला पोचवी. यातूनच पुढे १९८३ मध्ये त्यांचा 'सेंडमेल' हा प्रोग्रॅम बर्कलीच्या युनिक्स प्रणालीबरोबर बाहेर पडला. ही प्रणाली जगभरच्या विद्यापीठांत गेली आणि तिच्याबरोबर सेंडमेलही गेला. पुढची जवळजवळ वीस वर्षे इंटरनेटवरचे बहुतेक टपाल याच प्रोग्रॅमच्या हातून गेले.

दुसऱ्याचे पत्र घेऊन पुढे पाठवण्याच्या या कामाला 'रिले' म्हणतात. रिले शर्यतीत धावणारा काठी घेतो आणि पुढच्याच्या हाती देतो, तसेच. हे कामच करण्यासाठी तो प्रोग्रॅम जन्माला आला होता. म्हणून त्याची मूळ वृत्ती 'पत्र आले की घ्यावे आणि पुढे पाठवावे' अशी होती.

पाकीट आणि पत्र

सर्व्हर एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलतात, हे १९८२ च्या ऑगस्टमध्ये जॉन पोस्टेल यांनी लिहून ठेवले. या नियमावलीला 'एसएमटीपी' म्हणतात. ती इतकी साधी आहे की माणूसही कळफलकावरून तिच्यात बोलू शकतो. पाठवणारा संगणक आधी 'हेलो' म्हणतो आणि आपले नाव सांगतो. मग 'मेल फ्रॉम' म्हणून पत्र कोणाकडून आहे ते सांगतो. नंतर 'आरसीपीटी टू' म्हणून पत्र कोणाला द्यायचे ते सांगतो. समोरचा '२५०' म्हणाला की ते मान्य, आणि '५५०' म्हणाला की नाही. शेवटी 'डेटा' म्हणून पत्राचा मजकूर येतो.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. पहिल्या तीन ओळी म्हणजे पाकीट आणि 'डेटा'नंतरचे ते आतले पत्र. टपाल खाते पाकिटावरचा पत्ता पाहते, आतल्या पत्रावर 'प्रिय अमुक' काय लिहिले आहे ते पाहत नाही. सर्व्हरही तसाच. आणि पाकिटावर 'पाठवणार' म्हणून आपण कोणाचेही नाव लिहिले तरी टपालपेटी ते नाकारत नाही, तसेच 'मेल फ्रॉम'चे आहे. हा पाठवणारा खरा की खोटा हे तपासण्याची कोणतीही सोय १९८२ च्या नियमांत नव्हती.

उलट, पत्र पुढे पाठवण्याच्या सोयी मात्र भरपूर होत्या. कोणत्या कोणत्या संगणकांवरून पत्र न्यायचे, तो रस्ता पाकिटावरच लिहिता येई. 'हा माणूस आमच्याकडे राहत नाही, पण पत्र पुढे पाठवतो' असे सांगण्यासाठी '२५१' हा स्वतंत्र क्रमांक होता. तारा वारंवार बंद पडत, काही संगणक फक्त रात्री स्वस्त दरात टेलिफोन करून पत्रांची देवाणघेवाण करत. अशा वेळी वाटेवरच्या कोणीतरी पत्र ठेवून घेतले नाही, तर ते पोचणारच नाही.

याचे एक उदाहरण आपल्या मुंबईतले आहे. १९८६ मध्ये भारतात शिक्षण आणि संशोधन संस्थांसाठी एर्नेट हे जाळे उभारण्याचे काम सुरू झाले. १९८७ मध्ये मुंबईतील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी आणि पवईची आय.आय.टी. यांच्यात टेलिफोनवरून ई-मेलची ये-जा सुरू झाली. १९८९ मध्ये या केंद्रातून अमेरिकेतील यूयूनेटशी जोडणी झाली. एर्नेटवरच्या संस्थेतील कोणी परदेशी पत्र लिहिले की ते मुंबईच्या या थांब्यावर येई आणि तिथून पुढे जाई. सर्वसामान्यांना भारतात इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. तोपर्यंत आपल्या प्राध्यापकांची कितीतरी पत्रे या 'रिले'च्या बळावरच जगभर पोचली.

तेव्हा रिले हा दोष होता असे समजू नये. त्या काळात तो शेजारधर्म होता.

गरज संपली, सवय राहिली

धोक्याची कल्पना कोणालाच नव्हती असे मात्र नाही. नियमावली लिहिणाऱ्या पोस्टेल यांनीच १९७५ च्या नोव्हेंबरमध्ये एक लहानसे टिपण लिहिले होते. नको असलेली पत्रे एखादा संगणक पाठवतच राहिला, तर ती नाकारण्याचा काही उपाय आपल्याकडे नाही, असे त्यात त्यांनी दाखवून दिले होते. पण तसे पत्र तेव्हा क्वचितच येई.

३ मे १९७८ रोजी ते आले. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीचे विक्री अधिकारी गॅरी थ्यूर्क यांनी नव्या संगणकाच्या प्रात्यक्षिकाचे आमंत्रण अर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना एकदमच पाठवले. पत्ते छापील पुस्तिकेतून घेतले होते. ते इतके झाले की पत्त्याच्या जागेत मावले नाहीत आणि उरलेले पत्राच्या मजकुरात सांडले. जाळ्याच्या चालकांनी कंपनीला समज दिली. सगळे एकमेकांना ओळखत होते, त्यामुळे तेवढ्यावर भागले आणि पुढे बरीच वर्षे असे फारसे कोणी केले नाही.

१९८६ मध्ये एक महत्त्वाचा बदल झाला. प्रत्येक संस्थेचे टपाल कोणत्या संगणकाकडे द्यायचे, याची नोंद इंटरनेटच्या नावांच्या यादीतच ठेवण्याची पद्धत ठरली. आता पाठवणारा सर्व्हर ही नोंद पाहून पत्र थेट त्या दारी नेऊ शकत होता. तारा सुधारल्या, संगणक दिवसरात्र चालू राहू लागले. वाटेतल्या परक्याच्या मदतीची गरज कमी कमी होत गेली.

पण सेंडमेल बसवणाऱ्याच्या हाती प्रोग्रॅम येई तो जुन्याच वृत्तीचा. 'कोणाचेही पत्र घ्यावे आणि पुढे पाठवावे' ही मांडणी त्यात आधीपासूनच असे. तिची फाइल अवघड चिन्हांनी भरलेली होती, आणि पत्रे येत-जात असतील तर ती उघडून बघायला कोण जाणार? अशा रीतीने जगातल्या हजारो सर्व्हरांची मागची दारे उघडी राहिली. ती उघडी आहेत हे बऱ्याच जणांना ठाऊकही नव्हते.

शंभर पत्त्यांचे गणित

नव्वदच्या दशकात इंटरनेट विद्यापीठाबाहेर पडले. एप्रिल १९९४ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यातल्या दोन वकिलांनी यूजनेटच्या हजारो चर्चागटांत एकच जाहिरात टाकली, तेव्हा मोठा गदारोळ झाला. अशा नको असलेल्या संदेशांना तोवर 'स्पॅम' हे नाव पडू लागले होते. स्पॅम म्हणजे अमेरिकेत १९३७ पासून विकले जाणारे डबाबंद मांस. इंग्लंडमधील 'मॉन्टी पायथन' या विनोदी मंडळींच्या १९७० मधल्या एका प्रहसनात हॉटेलातल्या प्रत्येक पदार्थात स्पॅम असते आणि त्या शब्दाच्या गजरापुढे इतर बोलणे ऐकूच येत नाही. त्यावरून हे नाव आले.

जाहिरातदारांची नजर लवकरच ई-मेलकडे वळली आणि त्यांना उघडी दारे सापडली. ती त्यांना इतकी का आवडली, ते साध्या गणिताने कळते.

समजा, जाहिरात ५,००० अक्षरांची आहे. जाहिरातदाराकडे त्या काळचा सेकंदाला २८,८०० बिट पाठवणारा मोडेम आहे. एका अक्षराला ८ बिट धरले तर ढोबळमानाने सेकंदाला ३,६०० अक्षरे जातात. प्रत्येकाला वेगळे पत्र पाठवले तर एका पत्राला सुमारे १.४ सेकंद लागतील. म्हणजे तासाभरात २,६०० च्या आसपास पत्रे.

आता एसएमटीपीची खुबी पाहा. एका पत्रासाठी 'आरसीपीटी टू' ही ओळ कितीही वेळा देता येते. निदान १०० पत्ते घेण्याची तयारी सर्व्हरने ठेवावी, असे १९८२ च्या नियमांतच आहे. पत्त्याची एक ओळ ४० अक्षरांची धरली तर १०० ओळींची ४,००० अक्षरे झाली. त्यात पत्राची ५,००० मिळवा. एकूण ९,००० अक्षरे, म्हणजे अडीच सेकंद. एवढे करून जाहिरातदार मोकळा. पुढे शंभर जणांना शंभर प्रती, म्हणजे ५,००,००० अक्षरे, पाठवण्याचे ओझे त्या परक्या सर्व्हरवर. अशा प्रकारे तासाभरात १,४४,००० पत्रे जाऊ शकतात. फोनचे बिल मात्र तेवढ्याच एका तासाचे.

दुसरा फायदा लपण्याचा. पत्र घेणाऱ्याला दिसतो तो दारात उभा असलेला रिले सर्व्हर. अमेरिकेत सायबर प्रमोशन्स या कंपनीचे सॅनफर्ड वॉलेस १९९६-९७ मध्ये अशा जाहिरातींसाठी कुप्रसिद्ध झाले. मोठमोठ्या कंपन्यांनी त्यांच्या संगणकांचे पत्ते अडवायला सुरुवात केली. मग खोटे परतीचे पत्ते लिहिणे आणि दुसऱ्यांच्या सर्व्हरवरून पत्रे फिरवणे हे उपाय वापरले जाऊ लागले. वॉलेस यांच्या कंपनीमुळे या युक्त्या सर्वत्र पसरल्या.

एखाद्या कॉलेजच्या सर्व्हरवर रात्रीतून अशी धाड पडली तर सकाळी काय दिसे? हजारो पत्रे रांगेत अडकलेली, डिस्क भरलेली. चुकीच्या पत्त्यांवरून परत आलेल्या पत्रांचा ढीग वेगळाच. आणि जगभरातून रागावलेल्या लोकांची पत्रे : 'तुम्ही आम्हाला जाहिराती का पाठवता?' प्राध्यापकांचे खरे पत्र या रांगेत कुठेतरी तळाशी. डब्याची रीत आठवा. गाडीच्या टपावर कोणी परका शंभर पोती चढवून निघून जावा आणि गावोगावी भांडणे मात्र कंडक्टरने ऐकावी, असा हा प्रकार.

दोन प्रश्न

यावरचा उपाय समजायला सोपा आहे. पत्र आले की सर्व्हरने दोन प्रश्न विचारायचे. हे पत्र आपल्या माणसाकडून आले आहे का? हे पत्र आपल्या माणसासाठी आहे का?

यातून चार शक्यता निघतात. आपल्याकडून आपल्यालाच : घ्यावे. आपल्याकडून परक्याला : घ्यावे, कारण आपल्या माणसांची पत्रे पाठवणे हे आपले कामच आहे. परक्याकडून आपल्याला : घ्यावे, नाहीतर आपल्याला पत्रे येणार कशी? उरली चौथी शक्यता, परक्याकडून परक्याला. हीच फक्त नाकारायची आणि '५५०' म्हणायचे.

कागदावर हे दोन ओळींचे काम आहे. प्रत्यक्षात दोन्ही प्रश्नांची उत्तरे फसवी निघाली.

'आपला माणूस' कसा ओळखायचा? काही व्यवस्थापकांनी 'मेल फ्रॉम'मध्ये आपल्या संस्थेचे नाव दिसले की दार उघडायचे असे ठरवले. पण ती ओळ कोणीही काहीही लिहू शकतो, हे आपण पाहिलेच. मग जोडणी ज्या संगणकाकडून आली त्याचा आकडी पत्ता पाहायचा, असे ठरले. पत्राला उत्तर-प्रत्युत्तर चालू असते, त्यामुळे हा आकडा सहजासहजी खोटा सांगता येत नाही. आमच्या टेबलावरचे पत्र चालते आणि शिबिराच्या गावचे चालत नाही, याचे कारण हेच.

'आपल्या माणसासाठी' हेही तितकेच फसवे. जुन्या काळी पत्त्यात टक्क्याचे चिन्ह घालून 'आधी या सर्व्हरकडे, मग तिथून पुढे त्या सर्व्हरकडे' असे लिहिण्याची रीत होती. वरवर पाहता असा पत्ता आपल्या संस्थेचाच दिसतो. सर्व्हर पत्र घेतो, टक्क्याच्या आतला पत्ता वाचतो आणि परक्याकडे पाठवून देतो. पुढचे दार लावले तरी ही खिडकी उघडी राहत असे.

सेंडमेलच्या १९९६ मधल्या ८.८ या आवृत्तीत असे नियम लिहिण्याची सोय झाली, पण ते ज्याने त्याने लिहायचे होते. खरा बदल झाला मे १९९८ मध्ये, ८.९ या आवृत्तीने. त्यात मूळ मांडणीच उलट केली गेली. आता काहीच न करता प्रोग्रॅम बसवला तर तो परक्याचे पत्र परक्याकडे नेण्यास नकार देई. ज्यांना परवानगी द्यायची त्यांची नावे किंवा आकडी पत्ते 'रिले-डोमेन्स' अथवा 'अ‍ॅक्सेस' या फाइलींत मुद्दाम लिहायचे. पूर्वी दार लावायला कष्ट पडत, आता उघडायला पडू लागले. व्यवस्थापकांचा आळस तोच राहिला, पण आता तो जाळ्याच्या उपयोगी पडू लागला.

फेब्रुवारी १९९९ मध्ये स्वीडनमधील चामर्स तंत्रविद्यापीठाचे गुन्नार लिंडबर्ग यांनी लिहिलेल्या शिफारशी इंटरनेटच्या अधिकृत कागदपत्रांत प्रसिद्ध झाल्या. अनधिकृत रिले रोखता आलाच पाहिजे, ही त्यांतली अगदी सुरुवातीची अट होती. बंदोबस्त केल्यावर तो तपासायचा कसा, हेही व्यवस्थापक हळूहळू शिकले. बाहेरच्या एखाद्या संगणकावरून आपल्या सर्व्हरला जोडायचे, दोन परके पत्ते हाताने टाइप करायचे आणि उत्तर '५५०' येते का पाहायचे. आतून तपासून उपयोग नाही, कारण आतल्याला तो नेहमीच हो म्हणणार.

काळ्या याद्या

येथे एक अडचण होती. उघडे दार माझे, पण त्रास दुसऱ्याला. मग ते लावण्याची घाई मी का करावी? कारखान्याचे सांडपाणी नदीत सोडणाऱ्याला वरच्या काठावर बसून वास येत नाही, तसेच हे.

यावर १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात पॉल व्हिक्सी आणि डेव्ह रँड यांनी एक यादी सुरू केली. तिच्या संस्थेचे नाव 'मॅप्स'. इंग्रजी अक्षरे उलट क्रमाने वाचली की 'स्पॅम' होते. त्रासदायक संगणकांचे आकडी पत्ते या यादीत असत. पत्र घेणारा सर्व्हर, समोरच्याचा आकडा यादीत आहे का, हे क्षणात विचारून घेई आणि असल्यास पत्र नाकारी. यादीत नाव लागले की कॉलेजचे एकही पत्र धड पोचेना. मग मुख्याध्यापकांपासून सगळे व्यवस्थापकाच्या मागे लागत आणि दार एका दिवसात लागे.

पण याद्यांनी नवे प्रश्न निर्माण केले. न्यूझीलंडमधून चालणारी 'ऑर्ब्स' ही यादी दुसऱ्यांच्या सर्व्हरची दारे न विचारता ढकलून पाहत असे. दार उघडे आहे की नाही हे पाहणारा तो पाहुणा की घुसखोर, यावरून वाद झाले, प्रकरण न्यायालयात गेले आणि २००१ मध्ये ऑर्ब्स बंद पडली. शिवाय एका उघड्या दारासाठी संपूर्ण संस्थेची निरपराध पत्रे परत जात. याच सुमारास पाश्चात्त्य देशांतील काही व्यवस्थापकांनी तर चीन, कोरिया यांसारख्या देशांकडून येणारी सगळीच पत्रे अडवली. तिथे उघडे सर्व्हर पुष्कळ होते हे खरे, पण त्यामुळे प्रामाणिक पत्रलेखकालाही शिक्षा झाली. नियम इंग्रजीत, प्रोग्रॅम जुना, शिकवणारे कोणी नाही, अशा ठिकाणच्या माणसाला ही शिक्षा जास्त जाचक होती.

बंद दाराबाहेरची माणसे

दार लावायला सगळेच राजी नव्हते. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनच्या संस्थापकांपैकी एक, सॅन फ्रान्सिस्कोचे जॉन गिलमोर यांनी आपला सर्व्हर मुद्दाम उघडा ठेवला होता. प्रवासात असलेल्या मित्रांना कुठूनही पत्र पाठवता यावे, हा त्यांचा हेतू. काही लोकांच्या गैरवर्तनासाठी सगळ्यांची सोय का काढून घ्यायची, असे त्यांचे म्हणणे होते. २००१ मध्ये त्यांना जोडणी पुरवणाऱ्या व्हेरिओ या कंपनीने, हे करारात बसत नाही असे सांगून त्यांच्या टपालावर बंधन घातले. गिलमोर यांचे म्हणणे बहुतेकांना पटले नाही. पण त्यांनी दाखवलेली अडचण खरी होती. शिबिराच्या गावी आमची जी झाली तीच ती.

तिच्यावर उत्तर निघाले ते माणसाला ओळखण्याचे. डिसेंबर १९९८ मध्ये सर्व्हरला दोन दारे असावीत असे सुचवण्यात आले. २५ क्रमांकाचे जुने दार सर्व्हरांनी एकमेकांकडे पत्रे देण्यासाठी आणि ५८७ क्रमांकाचे नवे दार घरच्या माणसांनी पत्र टाकण्यासाठी. मार्च १९९९ मध्ये नाव आणि पासवर्ड सांगून ओळख पटवण्याची रीत एसएमटीपीला जोडली गेली. आता टेबल ओळखण्याची गरज उरली नाही. माणूस कुठेही असो, ओळख पटली की त्याचे पत्र घ्यायचे.

हे सारे किती परिणामकारक ठरले? इंटरनेट मेल कन्सॉर्टियम या संघटनेच्या पाहणीत १९९८ मध्ये ५५ टक्के सर्व्हर उघडे सापडले होते. २००२ मध्ये ते प्रमाण १ टक्क्याच्याही खाली आले. कोणत्याही एका सरकारच्या हुकमाविना, जगभरच्या विखुरलेल्या माणसांनी चार वर्षांत एक सवय बदलली. जानेवारी २००४ मध्ये अनेक देशांच्या सरकारी यंत्रणांनी मिळून उरलेल्या उघड्या सर्व्हरांच्या मालकांना पत्रे पाठवली, तोवर मोठे काम झालेले होते.

स्पॅम मात्र थांबले नाही. २००३ पासून जाहिरातदारांनी विषाणू सोडून लोकांच्या घरचे संगणकच ताब्यात घ्यायला सुरुवात केली. मग पत्र खरोखर त्याच संस्थेकडून आले आहे का, हे पडताळण्याच्या एसपीएफ (२००६), डीकेआयएम (२००७) आणि डीमार्क (२०१५) या पद्धती आल्या. पाकिटावरचे 'पाठवणार' तपासण्याची जी सोय १९८२ मध्ये नव्हती, ती अशी तुकड्यातुकड्याने जोडावी लागली.

वर्गात

हा विषय सातवी-आठवीच्या वर्गात संगणकाशिवायही घेता येतो. चार मुलांना चार गावांचे 'पोस्टमास्तर' करावे. बाकीच्यांनी पाकिटावर पाठवणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव-गाव लिहून पाकिटे द्यावीत. पहिल्या फेरीत पोस्टमास्तरने आलेले प्रत्येक पाकीट पुढे पाठवायचे. दुसऱ्या फेरीत दोघा मुलांना गुपचूप सांगावे की खोट्या नावाने वीस-वीस पाकिटे एकाच पोस्टमास्तरकडे द्या. गोंधळ उडाला की खेळ थांबवून विचारावे : आता नियम काय करायचा? मुले दोन प्रश्नांच्या नियमापर्यंत आपण होऊन येतात. मग एका मुलाला दुसऱ्या गावी 'पाहुणा' पाठवावे आणि तिथून आपल्याच पोस्टमास्तरला पाकीट द्यायला सांगावे. नियम त्यालाही अडवेल. आता काय? ओळख पटवायची कशी, याच्या तऱ्हा मुलांनाच सुचवू द्याव्यात.

पुढच्या वर्षी त्याच गावी पुन्हा शिबिर झाले. आमच्या सर्व्हरवर तोवर पासवर्डची सोय झाली होती. अहवाल एका झटक्यात गेला. उठताना सहज लक्ष गेले, तर शाळेच्या संगणकाच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवलेली होती. तिच्यावर शाळेच्या ई-मेलचे नाव आणि खाली पासवर्ड, ठळक अक्षरांत. कोणालाही विचारावे लागू नये म्हणून कोणीतरी चांगल्या हेतूनेच ती लावली होती. सगळी हकीकत आम्ही मुख्याध्यापकांना सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली, चिठ्ठी काढून खिशात ठेवली आणि म्हणाले, "उद्या आमच्या शिक्षकांनाही हेच सांगा. गोष्टीपासून सुरुवात करा, नियमापासून नको."